कडेचं रोप

सरकारी नोकरी सोडली असं सांगितलं की मराठी माणूस आवाज खाली आणून पहिला प्रश्न विचारतो, ‘काही चौकशी वगैरे लागली होती का?’ नाही म्हटलं की त्याची थोडी निराशाच होते. दुसरा प्रश्न पेन्शनचा. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेली, त्यामुळे राज्य सरकारची जुनी पेन्शन मला तशीही नव्हती, हे मी समजावून सांगते. आमच्या काकांना ते पटत नाही. ‘आता खाजगीत काय करणार?’ ‘तेच. आकडेमोड.’ ‘मग तिथे काय वाईट होतं?’

वाईट काहीच नव्हतं, हीच पंचाईत. फक्त आपण काढलेला आकडा आपल्या हयातीत कुणीतरी वापरताना बघावा, एवढी हौस होती. देशातली माणसं कशावर किती खर्च करतात याची मोठी पाहणी २०११-१२ मध्ये झाली. पुढची २०१७-१८ ची, तिचे निकाल जाहीरच झाले नाहीत. त्यानंतरची थेट २०२२-२३ ची. आकड्यांच्या दुनियेत अकरा वर्षं म्हणजे विशेष काही नाही, असं मानायला मी शिकले होते. नवऱ्याला मात्र भाजीचा हिशेब मी त्याच दिवशी मागते.

सुटका झाली तीही रीतसर. ना-देय प्रमाणपत्रासाठी जडवस्तू संग्रह नोंदवही उघडली, तर माझ्या नावावर एक कॅल्क्युलेटर, एक मोजपट्टी आणि एक टेबलफॅन निघाला. पंखा मी जन्मात पाहिला नव्हता. बरीच टिपणी झाल्यावर कागदावर मिळालेला पंखा कागदावरच परत घेण्यात आला, आणि सहायक संशोधन अधिकारी होते ती मी सीनियर डेटा सायंटिस्ट झाले. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी लॅपटॉप, पाठीवरची बॅग, मग आणि टी-शर्ट मिळाला. कुणी सही मागितली नाही. मी मागून दिली. कंपनीच्या संस्थापकाला तिथे सगळे नुसत्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून काही केल्या ते निघेना. शेवटी नावाला ‘सर’ चिकटवून मी तोडगा काढला, आणि आता अर्धं ऑफिस गंमत म्हणून तसंच म्हणतं.

सरकारी नोकरीतलं माझं आवडतं काम म्हणजे पीक कापणी प्रयोग. तालुक्यातलं हेक्टरी उत्पादन किती, हे ठरवायला सगळी शेतं कापून बघता येत नाहीत. म्हणून गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, गावातली शेतं तशीच, आणि शेतातला तुकडासुद्धा तसाच. नैऋत्येच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, तक्त्यातल्या यादृच्छिक संख्येइतकी पावलं लांबीकडे, मग रुंदीकडे, आणि जिथे पोहोचाल तिथे खुंटी. समोर बाजरी कशी का असेना, खुंटी हलवायची नाही. ‘मॅडम, जरा इकडं घ्या की, इथं लई भारी आलीय,’ असं शेतकरी हौसेनं म्हणायचा आणि त्याला नाही म्हणणं हे माझं वैज्ञानिक कार्य असायचं.

खरी परीक्षा तुकड्याभोवती ताणलेल्या दोरीखाली आलेल्या रोपाची. आत धरायचं की बाहेर? नियम असा की बुंधा अर्ध्याहून जास्त आत असेल तर आत. पण माणसाचा हात आपसूक आतच ओढतो. तुकडा जितका छोटा, तितकं त्यात कडेच्या रोपांचं प्रमाण जास्त, आणि तितकं उत्पादन फुगलेलं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात हेच दाखवून दिलं होतं. प्रशांतचंद्र महालनोबीस छोट्या तुकड्यांच्या बाजूचे. दोघांचा वाद बरीच वर्षं रंगला. इतके विद्वान लोक दोरीखालच्या रोपावरून भांडले, याचा मला फार अभिमान वाटतो.

२०१६ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजना आली आणि त्या रोपाला भावच आला. भरपाई ठरते मुख्यतः याच प्रयोगावरून. उत्पादन कमी भरलं तर शेतकऱ्याला पैसे. मग बांधावर उभा असलेला विमा कंपनीचा प्रतिनिधी वाकून म्हणतो, ‘हे आतच आहे.’ ‘भारी आलीय, इकडं घ्या’वाला शेतकरी आता म्हणतो, ‘डोळे फुटले का? बाहेर आहे!’ मध्ये मी, गुडघ्यावर, बुंध्याकडे टक लावून.

कंपनीत चिखल नाही. प्रयोग मात्र आहेत, आणि अगदी खानदानी. निम्म्या गिऱ्हाइकांना हिरवं बटण दाखवायचं, निम्म्यांना केशरी; कुणाला कुठलं, हे नशिबावर. याला ए-बी टेस्ट म्हणतात आणि इथल्या मुलांना ती कॅलिफोर्नियात जन्मली असं वाटतं. मूळ शेतातलंच आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या कृषी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये रुजू झाले, आणि कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे चिठ्ठीवर सोडायची रीत त्यांनी तिथे बसवली. हे मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. एकाने विचारलं, ‘म्हणजे आपण टेक्निकली शेतकरी?’ मी म्हटलं, त्यासाठी सातबारा लागतो.

वेग मात्र मानला. सोमवारी प्रश्न, शुक्रवारी उत्तर. फक्त उत्तराच्या मागे-पुढे किती चूक धरायची, हे कुणी विचारत नाही. मी विचारते. माझं बोलून झालं की लोक आदराने मान डोलावतात आणि पुढची स्लाइड लावतात.

परवा मीटिंगमध्ये ‘सक्रिय ग्राहक’ किती, हा विषय निघाला. संख्या छान होती. मी विचारलं, सक्रिय कोणाला म्हणायचं? महिन्यात एकदा तरी ॲप उघडलं तो. आणि खिशात फोन दाबला जाऊन उघडलं असेल तर? प्रॉडक्ट विभागाचा प्रमुख, वयाने माझ्या भाच्याएवढा, हसून म्हणाला, ‘तो पण आपलाच की.’

बुंधा पूर्ण बाहेर होता. मी रात्री बसून व्याख्येवर तीन पानी टिपणी लिहिली, परिच्छेदांना क्रमांक घालून, शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. सकाळी उत्तर आलं: एक अंगठा. पिवळा, वर केलेला. आमच्याकडे अंगठा आला की शेजारी कुणाचा ते लिहून साक्षीदाराची सही घ्यायची पद्धत होती. हा डावा होता की उजवा, तेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.