४८ तास थांबा

डोमेनवाला तुमच्याही सोसायटीत असेलच. तुम्ही मसाले विका, शिकवण्या घ्या, नाहीतर हौसेनं व्हिजिटिंग कार्ड छापा. त्यावर जीमेलचा पत्ता दिसला की हा नाक मुरडतो. "स्वतःचं डोमेन नाही? मग गिऱ्हाईक विश्वास कसा ठेवणार?"

आमच्याकडे त्याला खालच्या मजल्यावरच्या काकू सापडल्या. त्यांचा गोडा मसाला फोनवर सुखानं खपत होता. यानं डोमेन घेऊन दिलं आणि वर पाच पत्ते काढले : इन्फो, सेल्स, सपोर्ट, अकाउंट्स आणि करिअर्स. पाचही खात्यांत काकूच. मसाल्यात खडा निघाल्याची तक्रार सेल्सवर आली, तर म्हणे, "काकू, आधी सपोर्टला फॉरवर्ड करा, मग उत्तर द्या. शिस्त नको?" करिअर्सवर आजवर एकच अर्ज आलाय, काकूंच्या भाच्याचा. तोही नामंजूर.

सुरुवातीला मेल येईचना. "एमएक्स रेकॉर्ड बदललाय. पसरायला वेळ लागतो, ४८ तास थांबा." थांबलो. मग कळलं, रेकॉर्डच्या शेवटचं टिंब राहिलं होतं. टिंब दिलं, ४८ तास थांबा. मेल यायला लागले, तर गेलेले स्पॅममध्ये पडू लागले. एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच लागतो, याच्याकडून दोन झाले होते, म्हणून दोन्ही बाद. एक काढला, ४८ तास थांबा. परवा लिफ्ट अडकली, तेव्हा आतूनही हाच आवाज आला.

खरं तर एवढा वेळ लागू शकतो तो नेमसर्व्हर बदलला तर. एरवी जुनी नोंद तिचा टीटीएल, म्हणजे तिला ठरवून दिलेला वेळ, संपेपर्यंतच टिकते. तो आधीच ३०० सेकंदांवर आणून ठेवला, तर बहुतेक काम पाच मिनिटांत आटपतं. पण पाच मिनिटांच्या कामाला चहा कोण देतो?

तरी त्याचं देणं मान्य केलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल आणि याहूनं मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे पाठवणाऱ्याची ओळख पटवणारे तिन्ही रेकॉर्ड सक्तीचे झाले. काकूंचे दिवसाला पाच जात असतील. तरी यानं तिन्ही आधीच लावून ठेवले होते, रात्री जागून, फुकट.

फुकट म्हणजे किती, ते नंतर कळलं. अर्ध्या सोसायटीची डोमेनं त्याच्याच नावावर, पैसे त्याच्याच कार्डावरून, ओटीपी त्याच्याच फोनवर. उद्या तो कार्ड बदलायला विसरला आणि मुदत टळली, तर काही आठवड्यांत डोमेन कुणीही विकत घेईल, आणि काकूंच्या पाचही खात्यांचे मेल त्या नव्या मालकाकडे जातील.

तेव्हा आपल्या डोमेनची नोंदणी आजच आपल्या नावावर करून घ्या. आणि आजवरच्या नूतनीकरणाचे पैसे त्याला देऊन टाका. तो मागणार नाही.