चालत्या गाडीत मोबाईल: नवशिक्यांसाठी पहिली पायरी

गाडी चालवता चालवता फोन वापरणं ही कला घरी बसून येत नाही. त्यासाठी मुंबई-गोवा महामार्गावर यावं, शक्यतो कासूला. चौपदरीकरणाच्या कागदांत या गावाला मोठा मान आहे: पळस्पे ते कासू ४२ किलोमीटर, कासू ते इंदापूर ४२. काम २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हा पाळण्यात असलेल्या पोरांना मिसरूड फुटलं तरी रेंगाळतच राहिलं.

पूर्वी इथल्या खड्ड्यांमुळे विद्यार्थ्यांची फार गैरसोय व्हायची. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे रस्त्यावर, आणि फोन खिशात वाजून वाजून गप्प. खड्ड्यांनी जेवढे फोन उचलू दिले नाहीत, तेवढे कुठल्या हवालदारानंही अडवले नसतील. आता काँक्रीट पडलंय, गाडी सरळ पळते, एक हात रिकामा होतो. रिकाम्या हाताला काम हवंच.

सुरुवात दुचाकीवर करावी. फोन हेल्मेटात कोंबावा. हेल्मेट घरी खुंटीला असेल, तर मान वाकडी करून खांद्यात धरावा. वडखळ सुटल्यावर ती मान थेट नागोठण्याला सरळ व्हावी. मध्ये समोरून मिनीडोर आली, तर तिचा ड्रायव्हर बघून घेईल. तो फोनवर नसेल असं धरून चालायचं. बोलणं साधारण असं: "हां, बोल रं. नाय नाय, मोकलाच हाय, गाडी चालवतोय!" घरून फोन आल्यास "पाच मिन्टात पोचतो" म्हणावं, मग घर कोलाडला का असेना.

चारचाकी हातात आली की थोडं गणित. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. "कुठे आहेस?" एवढं वाचून अंगठा दाखवायला तीन सेकंद धरले, तरी ५० मीटर गाडी आंधळी. पावसाळ्यात रात्री चिखलातून उठून रस्त्यावर बसणारी गुरं नेमकी याच ५० मीटरांत बसलेली असतात.

ब्लूटूथवाले स्वतःला पदवीधर समजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट, आणि हँड्सफ्रीनं त्यात फारसा फरक पडत नाही. पडणार कसा? हात मोकळे असले तरी डोकं जमिनीच्या हिश्शावरून भावाशी भांडत असतं. मग पालीला निघालेला माणूस वाकण फाटा मागे टाकतो आणि कोलाडला पोचल्यावर भानावर येतो.

कायदाही ठाऊक असावा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, २०१९ ची दुरुस्ती: हातात फोन धरून गाडी चालवल्यास एक ते पाच हजारांचा दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला मुभा आहे, लक्ष विचलित होणार नाही या अटीवर. नवशिक्यानं मुभा पाठ करावी आणि अट ऑप्शनला टाकावी. नकाशा उघडावा, त्याच्या कोपऱ्यात मॅच लावावी.

पोलीस दिसला की फोन झटकन मांडीवर टाकावा. तिथून तो घसरतो आणि बरोबर ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसतो. तो काढायला गाडी थांबवायची नसते, चालत्या गाडीत खाली वाकायचं असतं. तो धडा पुढच्या इयत्तेला.