कॉडसाहेब आणि आमची सोसायटी

सोसायटीचा डेटाबेस तयार करायचं काम समितीने माझ्या गळ्यात मारलं, कारण मी निवृत्त आहे आणि माझा चष्मा जाड आहे. याहून वेगळी पात्रता कुणी विचारली नाही. भाचीला गुरू केलं. ती बंगळूरला हेच काम करते आणि दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर मला झापते.

या सगळ्याचं मूळ म्हणजे एडगर कॉड. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक, पुढे आयबीएममध्ये. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि ती आत कुठे, कशी ठेवली आहे याची वापरणाऱ्याला पंचाईत नसावी, असा निबंध त्यांनी १९७० साली लिहिला. ज्या कंपनीचा पगार घेत होते ती माल काढायला रेंगाळली. १९७९ साली ओरॅकलवाल्यांनी आधी दुकान मांडलं आणि पहिल्याच मालाला ‘आवृत्ती दोन’ म्हटलं. पहिली आवृत्ती विकत घेणार कोण? ही मंडळी पुण्यात बिल्डर शोभली असती.

कॉडसाहेबांचा पहिला दंडक असा की एका चौकटीत एकच गोष्ट. आमच्या जुन्या रजिस्टरात ‘फोन’ या रकान्यात एका काकूंची नोंद होती : ‘लँडलाइन बंद. मुलगा न्यू जर्सीला, त्याला रात्री करू नये. सुनेला करूच नये.’

“मामा, या एका चौकटीत तीन टेबलं आहेत,” भाची म्हणाली.

“तीन माणसं आहेत गं,” मी म्हणालो.

मग प्रायमरी की. प्रत्येक ओळीला स्वतःची, दुसऱ्या कुणाची नसलेली ओळख हवी. नाव चालेना, कारण बी विंगमध्येच तीन एस. व्ही. कुलकर्णी आहेत आणि तिघांची पत्रं चौथ्याच कुलकर्ण्यांकडे जातात. मग सदनिका क्रमांक घ्यावा म्हटलं, तर ए-३०१ आणि ए-३०२ च्या मधली भिंत पाडलेली. दार एक, बिलं दोन, आणि भिंत पाडायला परवानगी होती का, हा विषय प्रत्येक वार्षिक सभेत निघतो. शिवाय बी-१०४ दोन भावांच्या नावावर. त्यातल्या थोरल्याचा सी विंगमध्येही फ्लॅट आहे. एका माणसाची अनेक घरं, एका घराची अनेक माणसं. अशा वेळी सदस्यांचं एक टेबल, सदनिकांचं दुसरं, आणि कोणाचं काय एवढंच सांगणारं तिसरं करायचं. ज्या भावांचं बोलणं बंद आहे ते आता त्या तिसऱ्या टेबलात शेजारी शेजारी बसतात. तंटामुक्ती समितीला हे जमलं नसतं.

एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी असं सांगणाऱ्या तिसऱ्या नॉर्मल फॉर्मला मी मनापासून शरण गेलो. देखभाल खर्चाचा दर फ्लॅटवर नाही, फ्लॅटच्या प्रकारावर ठरतो. तेव्हा तो प्रकारांच्या टेबलातच राहावा, चौसष्ट फ्लॅटांपुढे चौसष्ट वेळा लिहू नये. आमच्याकडे दर वाढला की साठ ठिकाणी बदलायचा आणि उरलेले चार जण वर्षभर गप्प राहायचे. पण कॉडसाहेबांनी महाराष्ट्राचा सहकार कायदा वाचला नसावा. तिथे सदस्यांचं ‘आय’ नमुन्यातलं रजिस्टर वेगळं आणि त्याच सदस्यांची ‘जे’ नमुन्यातली यादी वेगळी. एकच गोष्ट दोनदा लिहिणं हा इथे दोष नसून कर्तव्य आहे.

फॉरेन की, म्हणजे एका टेबलातल्या ओळीने दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणं, सचिवांना पटकन कळली. बिल बाकी असलेल्या सदस्याचं नाव खोडायला गेलं की यंत्र साफ नकार देतं. आधी त्याची बिलं निस्तरा, मग त्याला हाकला. “यात नवीन काय?” सचिव म्हणाले. “ना हरकत दाखला अडवून आम्ही हेच तर करतो.”

खजिनदारांना मात्र नल आवडला. नल म्हणजे शून्य नव्हे, माहीत नाही. थकबाकी शून्य असलेला माणूस वेगळा आणि थकबाकी माहीत नसलेला वेगळा. दोन नल एकमेकांच्या बरोबरीचेही मानत नाहीत. बी आणि सी विंगमधले भाडेकरू आपल्याला ठाऊक नाहीत, म्हणून ते एकच माणूस ठरत नाहीत. इथपर्यंत तत्त्वज्ञान ठीक. पण बेरीज करताना यंत्र नल चुपचाप वगळतं, हे कळल्यावर खजिनदारांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं त्याने मी सावध झालो. थकबाकीच्या रकान्यात नल चालणार नाही, अशी अट मी त्याच रात्री घातली. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

डेटाबेस आता बराचसा उभा आहे. सर्व सभासदांना नम्र विनंती : आपला फोन नंबर येत्या रविवारपर्यंत सचिवांकडे द्यावा. फक्त नंबर द्यावा. हकिगत नको, तिला रकाना ठेवलेला नाही.