दुधी की कुकर?

अहो वहिनी, जरा अशा कुंपणाजवळ या ना. कुरडयांकडे माझं लक्ष आहे, कावळा आला तर मीच हाकलते. ऐकलंत का, परवा भिशीत काय झालं? तुम्ही लग्नाला गेला होतात म्हणून सुटलात हो!

सेक्रेटरींच्या मिसेसकडे होती भिशी. पन्हं झालं, चिठ्ठी निघाली, नेहमीच्याच बाईंना लागली, ते जाऊ दे, त्यावर नंतर बोलू. तर काय सांगत होते... हां. पाण्याच्या टाकीशेजारच्या धाकट्या वहिनी आहेत ना, त्यांनी सुट्टी लागल्यापासून ‘पंचायत’ धरलंय. पहिल्यापासून. एकेका सीझनचे आठ भाग, चौथ्या सीझनपर्यंत आल्या होत्या, आणि शेवटचे दोन भाग मुद्दाम ठेवले होते. सांडगे घालून झाले की पाय पसरून बघायचे म्हणून. तुम्हाला माहीतच आहे, फुलेऱ्याची निवडणूक. मंजूदेवींची खूण दुधी, क्रांतीदेवीची कुकर. सगळी भिशी त्यावरच बोलत होती, दुधी की कुकर, दुधी की कुकर. आणि ह्या सेक्रेटरीणबाई वड्या वाढता वाढता अगदी सहज म्हणाल्या, “काही म्हणा, शेवटी ती जिंकली ते बरंच झालं.” नाव घेऊन म्हणाल्या हो!

अहो, धाकट्या वहिनींचा चेहरा! वडी अर्धी तोंडात, अर्धी हातात. एकदम शांतता. मग म्हणाल्या, “माझं अजून बघायचं होतं.” बस, एवढंच. त्यावर ह्या बाईंनी सॉरी म्हणावं की नाही? तर म्हणतात, “२०२५च्या जूनमध्ये आलंय ते. अजून किती दिवस तोंड शिवून बसायचं आम्ही?” झालं! निम्म्या बायका इकडून, निम्म्या तिकडून. कोणी म्हणे वर्ष झालं की गुपित संपलं, कोणी म्हणे समोरच्याला आधी विचारायचं. मी कोणाच्या बाजूने? मी काही बोलले नाही, वड्या संपवल्या. पण मनातून सांगू का, धाकट्या वहिनींचंच बरोबर आहे. आणि तुमचं झालंय का बघून? नाही? मग कोण जिंकलं ते मी सांगत नाही. जीभ शिवशिवतेय, पण नाही.

पण बघा ना, एरवी आपण असल्या गोष्टीवर भांडतो का? हे सगळं मे महिन्याचं. संध्याकाळी साडेसात वाजले की रिमोट गेला. २००८ला ती आयपीएल सुरू झाली तेव्हा वाटलं होतं, येईल आणि जाईल. कसलं काय! साडेसात म्हणजे नेमकी आपल्या मालिकांची वेळ. शनिवार-रविवारी तर दुपारी साडेतीनपासूनच. आमचे हे तेव्हापासून आरामखुर्चीत, चहा तिथेच, भेळ तिथेच.

आणि खरं सांगू, रिमोट हातात असता तरी काय बघणार होते मी? मे महिन्यात मालिकांनाही ऊन लागतं. निम्मे लोक गावाला, निम्मे मुंजी-लग्नांना, बघायला घरात आहे कोण? मग नायिकेला कोणीतरी पळवून नेतं. नाहीतर मंगळसूत्र हरवतं आणि ते सापडेपर्यंत आंबे संपतात. कालचा प्रसंग आज पुन्हा, तीन बाजूंनी, ढगांच्या गडगडाटासह. चीक ताणावा तशी ताणतात, आणि रविवारी वर महाएपिसोड! दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात म्हणे. त्या आकड्यांवर ठरतं, पळवलेली नायिका कधी परत यायची ते. बिचारी.

माझ्या धाकट्या जावेची बहीण न्यू जर्सीला असते, फोनवर तिला हेच सांगितलं. ती म्हणाली, अगं, आमच्याकडे तर उन्हाळा म्हणजे टीव्हीचा उपासच असायचा. तिकडे टीव्हीचं वर्ष सप्टेंबरात सुरू व्हायचं आणि मेमध्ये संपायचं. मधले महिने जुनेच भाग परत परत. आणि ज्याच्यावर चॅनेलचा भरवसा नाही ते तेव्हा उरकून टाकायचं. आणि गंमत ऐका. ते ‘साइनफेल्ड’ आहे ना, ज्याच्यावरून तिचा नवरा अजून हसत बसतो, त्याचा पहिला भाग असाच ५ जुलै १९८९ला लावला होता. आधी प्रेक्षकांना दाखवून बघितला, तर कोणाला तो धड आवडलाही नव्हता! आणि ‘सर्व्हायव्हर’, २०००च्या मेअखेरीस सुरू झालं, समोर दुसरं काही नाही, ऑगस्टात शेवटचा भाग बघायला पाच कोटींवर माणसं. म्हणजे बघा, उन्हाळ्यात कोपऱ्यात पडलेलंच कधी कधी बघण्यासारखं निघतं. फक्त शोधावं लागतं. जाहिराती बघून नाही हो सापडत.

तर... हां, माई! माईंचं सांगायचंच राहिलं. जरा हळू बोला, त्यांची सून गच्चीवर आहे.

माई म्हणजे आपल्या... “आमच्याकडे टीव्ही फक्त बातम्यांपुरता” वाल्या. सकाळी पोथी, संध्याकाळी प्रवचन. बरोबर? तर परवा सुनेने टीव्ही लावला, तिचं ते अॅप उघडलं, तर वरच दिसलं अर्धवट बघितलेलं काय ते. ‘मानवत मर्डर्स’. सहावा भाग, निम्मा झालेला! सुनेला वाटलं नवऱ्याने बघितलं. तो म्हणाला, मी तर रात्रभर मॅचचे हायलाइट्स बघत होतो. नातवंडं आजोळी. मग राहिलं कोण? सून म्हणाली, “आई, तुम्ही का?” माई वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “आपोआप लागलं असेल. हल्ली ही यंत्रं आपोआप काहीही लावतात.” आणि अहो, दोन मिनिटांनी त्याच विचारतात, “तो पोलीस अधिकारी, तो आपल्या सर्कसमधला मुलगा ना गं?” आता बोला! सुनेने मलाच सांगितलं हे, आणि कोणाला सांगू नका म्हणाली, म्हणून फक्त तुम्हाला सांगतेय.

पण माईंची नजर पक्की हं. आशुतोष गोवारीकरच तो. आठवतंय ना, दूरदर्शनवर १९८९ला ‘सर्कस’ लागायची, शाहरुख खान, रेणुका शहाणे आणि हा. त्यानेच इथे रमाकांत कुलकर्णी केलेत, मुंबईहून परभणीकडे तपासाला गेलेले ते मोठे अधिकारी. सत्तरच्या दशकातलं मानवतचं प्रकरण, आमच्या आई लोकांच्या तोंडून ऐकलेलं, गुप्तधनाच्या पायी काय काय केलं माणसांनी. कुलकर्णींच्याच पुस्तकावरून केलंय. मकरंद अनासपुरेला तर असा कधी बघितलाच नव्हता, हसायला येईल म्हणून वाट बघतोय आपण आणि अंगावर काटा येतो. सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर, सगळ्याच. आठ भागांत संपतं. पण एकटीने रात्री बघू नका. मी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गहू वाटायला माडीवर जायची हिंमत होईना.

आता हे “संपतं” म्हणाले ना, तेच महत्त्वाचं. मी हल्ली नाव नाही विचारत, हिरो कोण ते नाही विचारत. पहिला प्रश्न, किती भाग? दुसरा, शेवट केलाय का? ज्याला शेवट माहीत आहे तो मधे उगीच पाणी घालत नाही. आपल्या ‘अग्निहोत्र’चंच घ्या. २००८ला सुरू झालं, आमच्या नाशिकचा वाडा, ते आठ गणपती, आणि तो नील, सिद्धार्थ चांदेकर, केवढासा होता तेव्हा. रोज लागायचं, पण गोष्ट पुढे जायची हो! सतीश राजवाडेंचं दिग्दर्शन. लोक वाट बघायचे ती पुढचा गणपती कुठे त्याची, कोण कोणाला विष घालतं त्याची नाही. आमच्या ह्यांनी तेव्हा मॅच सोडली होती, शपथ घेऊन सांगते.

आणि दुपारी मुलं घरात असतात त्याचं काय, असं तुम्ही म्हणणार. बँकेतल्या काकांकडे चला एकदा. त्यांची दोन्ही नातवंडं आल्यापासून मोबाइलमध्ये. काकांनी ओरडून बघितलं, वायफाय बंद करून बघितलं. शेवटी काकूंनी काही न बोलता ‘मालगुडी डेज’ लावलं आणि स्वतः शेंगा सोलत बसल्या. शंकर नागांनी केलेलं, १९८६चं. ती शीर्षकाची धून सुरू झाली आणि धाकट्याने मान वर केली, म्हणाला, “आजी, हे कुठलं गाव?” काकू म्हणाल्या, “मालगुडी खरं नाहीच, पण शूटिंग कर्नाटकात, आगुंब्याला.” मग स्वामी, त्याचे ते कडक वडील, आपले गिरीश कार्नाडच की! शाळा, परीक्षा, क्रिकेट टीम. एक गोष्ट संपली की दुसरी. थोरली बारावीची, ती आधी नाक मुरडत होती, नंतर ज्योतिषाची गोष्ट लागली तेव्हा मोबाइल पालथा ठेवलान्. काकूंनी मला दारातच सांगितलं हे, हातात शेंगांची टोपली तशीच. एवढा आनंद मी त्यांना बँकेच्या पेन्शनवाढीलाही झालेला बघितला नव्हता.

काकांना मात्र वेगळंच वेड लागलंय. ‘भारत एक खोज’. बेनेगलांचं, त्रेपन्न भाग! मी म्हटलं, काका, एवढ्यात पावसाळा येईल. ते ऐकतात होय? शिवाजी महाराजांच्या भागांसाठी त्यांनी आपल्या निवृत्त गुरुजींना खास बोलावलं. नसीरुद्दीन शाह महाराज, समोर ओम पुरी औरंगजेब. गुरुजी आले, उपरणं सावरून बसले, आणि सुरुवातीलाच म्हणाले, “नाही बुवा, हा चेहरा नाही.” अर्ध्या तासाने बघावं तर गुरुजी पुढे सरकलेले, चहा निवलेला, साय आलेली. उठताना म्हणाले, “उद्या कितीला लावताय?” काकांनी तेवढ्यावर विजय मानला. काकूंनी मात्र कपाळाला हात लावला, उद्या परत चहा-पोहे आले ना!

आणि रात्री झोप येईना तर ‘ब्योमकेश बक्षी’ आहेच. बासू चॅटर्जींचं, १९९३चं. रजित कपूर नुसता धोतराचा सोगा धरून विचार करतो आणि आपण जागे. रक्त नाही, आरडाओरडा नाही. दिवाणखान्यात बसून खुनी सापडतो. मला असला तपास झेपतो बाई.

पण सगळ्यांत आधी तुम्ही ‘गुल्लक’ बघा. तुम्हाला सांगते, उन्हाळ्यात त्याच्यासारखं हलकं दुसरं नाही. पहिला सीझन तर पाचच भाग, एका रविवारच्या दुपारी उरकतं. उत्तरेकडचं मिश्रांचं घर, आई-बाप, दोन मुलगे, आणि गोष्ट सांगतो कोण? फळीवरचा मातीचा गल्ला! विजेचं बिल, पाहुणे, कोणाचा निकाल, कोणाचा पगार, बस. आई झालीय आपली गीतांजली कुलकर्णी, ‘कोर्ट’ पिक्चरमधली वकीलबाई. लोक म्हणतात अतुल कुलकर्णींच्या मिसेस. मी म्हणते, ते बघितल्यावर तुम्ही अतुल कुलकर्णींना गीतांजलीचे मिस्टर म्हणायला लागाल. ती भाजी निवडता निवडता नवऱ्याला जे ऐकवते ना, अगदी हिंदीत, पण वाटतं आपल्याच ओट्यापाशी उभी आहे.

आणि त्यात एक शेजारीण आहे, बिट्टू की मम्मी. काहीतरी निमित्त काढून येते, घरात काय शिजतंय ते बघते, इकडचं तिकडे सांगते. काय काम केलंय त्या बाईने! सुनीता राजवार नाव. गंमत म्हणजे ‘पंचायत’मधली ती क्रांतीदेवी, कुकरवाली, तीच ही.

तर काल रात्री मी ‘गुल्लक’ लावलं होतं. मॅच एकतर्फी चाललेली, म्हणून हे पण येऊन बसले. बिट्टू की मम्मी आली, बोलायला लागली, आणि हे एकदम पुढे वाकून म्हणाले, “ही बाई फार ओळखीची वाटते गं.” मी म्हटलं, “वाटणारच, पंचायतमधली क्रांतीदेवी ती.” तर म्हणाले, “नाही नाही, त्याच्याही आधीपासून. रोज बघतोय असं वाटतं.” आणि जे हसायला लागले, की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी विचारलं, काय झालं हसायला? तर सांगेनात. डोळे पुसत नुसतं कुंपणाकडे बोट दाखवलं.

आता कुंपणात काय आहे हसण्यासारखं? तुम्हीच सांगा!