तासाभराचा रोजगार

ऑक्टोबरात गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी सकाळी जीपगाड्या रिकाम्या होतात. पेठ, हरसूल, सुरगाण्याची माणसं उतरतात. काखेत बोचकं, हातात डबा. द्राक्ष बागायतदार मोटारसायकल उभी करून विचारतो, "कितीनं येता?" छाटणी, मग विरळणी, डिपिंग, जानेवारीपासून काढणी. तोवर नाशकात बेकारी औषधालाही सापडत नाही.

एप्रिलची खरडछाटणी आटोपली की हळूहळू बागेचं काम ओसरतं आणि मजुरांचंही. फरक इतकाच, की बागेला त्या काळातही खतपाणी मिळतं.

पण काळजी नसावी! सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात आठवड्यातल्या कुठल्याही एका दिवशी तासभर काम केलेला माणूस त्या आठवड्यापुरता रोजगारात धरतात. सोमवारी तासभर क्रेट उचलले, की रविवारपर्यंत छाती काढून फिरावं. वर्षभराच्या हिशेबात तर 30 दिवस भरले तरी भागतं. पावसाळ्यात घरच्या वरकस तुकड्यावर नागली लावली, तर तो स्वयंरोजगार! उद्योजकच म्हणा ना.

आता 2027 चा सिंहस्थ येतोय. मंडप, साफसफाई, पार्किंग, कामंच कामं. साधू परतले, की कामंही त्यांच्यामागोमाग निघतील आणि पुन्हा बारा वर्षांनी दर्शन देतील.

आकडे खोटे नाहीत, फक्त त्यांना पोट नाही. म्हणून विनंती एकच: बेकारीचा दर छापाल, तेव्हा त्याच्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, माणसाला आठवड्यात किती तास काम मिळालं तेही छापा.