जुना बेस कसा बाळगावा (आणि शक्यतो वाजवू नये)

विंटेज बेस गिटार घेऊ इच्छिणाऱ्याने आधी एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. ॲम्प्लिफायर नंतर घेतला तरी चालेल, कदाचित लागणारही नाही. वाद्य वाजते कसे हा प्रश्न या शास्त्रात गौण आहे; त्याच्या पोटात काय आहे, ते आधी पाहायचे.

नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो आणि त्याच्या पत्र्यावर बारीक आकडे ठोकलेले असतात. समजा, तिथे १३७६६३२ दिसले. १३७ म्हणजे सीटीएस ही कंपनी, ६६ म्हणजे १९६६, ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. समोरचा गृहस्थ हाच बेस ‘चौसष्टचा’ म्हणून विकत असेल, तर ऑगस्ट १९६६ मध्ये तयार झालेला भाग त्यात शिरला कसा, एवढेच सौम्यपणे विचारावे. ‘कधीतरी बदलला असेल’ असे उत्तर आले की सोल्डरचे डाग तपासावेत. कारखान्यात दिलेला डाग आणि मागाहून कुणी दिलेला डाग यांतला फरक ओळखणारी माणसे जगात आहेत. ती बोलत असताना मध्ये बोलू नये. त्यानंतर चार स्क्रू काढून मान धडावेगळी करावी. तिच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याची तारीख सापडण्याची शक्यता असते.

दोन वर्षांसाठी एवढा खल उगीच नाही. लिओ फेंडरने बेस-गिटार बनवणारी आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्याआधीचा बेस तो ‘प्री-सीबीएस’, नंतरचा नुसताच जुना. कारखान्यातले कारागीर आणि लाकूड एका रात्रीत बदलले नव्हते, हे खरे. पण असली माहिती सौदा चालू असताना तोंडातून काढू नये.

मुळात लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नसे. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस काढला तो कामाची वस्तू म्हणून: डबल बेसचे अवजड धूड वाहून नेण्याचा त्रास वाचावा, मानेवरच्या फ्रेट नावाच्या धातूच्या पट्ट्यांमुळे सूर नेमका लागावा आणि ड्रम्स-ट्रम्पेटच्या गदारोळातही तो ऐकू यावा. एखादा भाग बिघडला तर स्क्रू काढून नवा बसवता यावा, अशीच सगळी रचना. आज तो भाग बदलला की किंमत कोसळते.

म्हणून फेरफाराचा पहिला नियम: करू नये. दुसरा: आधीच्या मालकाने केला असल्यास नाक मुरडून भाव पाडावा. पुन्हा रंग दिलेल्या बेसची किंमत व्यापारी साधारण निम्मी धरतात. जुने नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळे पडते, त्याला तडे जातात, कोपऱ्याकोपऱ्याने ते उडते. ते तसेच ठेवावे. फेंडर १९९५ पासून नव्याकोऱ्या वाद्यांना मुद्दाम ओरखडे पाडून विकते आणि गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे मोजते. मालकाच्या हातून पडलेला ओरखडा मात्र नुकसानीत जमा होतो.

या नियमाला एक पोटकलम आहे. बेसवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या फेंडर जॅझ बेसवर फ्रेटच नव्हते. ते आपण लोणी लावायच्या सुरीने उपटले, असे तो कधी सांगे. कधी सांगे, घेतला तेव्हाच ते काढलेले होते. खाचा बुजवून फिंगरबोर्डवर त्याने बोटींना लावतात तसले इपॉक्सी फासले. बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये वाद्यकारागीर रॉजर सॅडोस्कीने प्रीॲम्प बसवला, ब्रिज बदलला. पुढे फेंडरनेच त्या धर्तीवर मिलरच्या नावाचे मॉडेल काढले. तात्पर्य, आधी प्रसिद्ध व्हावे, मग ड्रिल हातात घ्यावे. जॅकोने क्रम उलटा केला होता, पण तो जॅको होता.

फिंगरबोर्ड शिसवीचा असेल तर कोणती शिसव ते पाहावे. साठच्या दशकातल्या बऱ्याच बेसवर ब्राझिलियन शिसव आहे आणि १९९२ पासून ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंधने असलेल्या यादीत आहे. असा बेस परदेशातून आणताना कागदपत्रे वाद्यापेक्षा जड भरू शकतात. पुढे फेंडर भारतीय शिसवीकडे वळली, म्हणजे ज्या लाकडाचे आपल्याकडे पलंग आणि देव्हारे झाले तेच. मुंबई-कोकणातल्या मालकाला तर जून उजाडला की दमट हवेने मान वाकण्याची चिंता. ती सरळ करणाऱ्या ट्रस रॉडचा नट त्या काळच्या फेंडरमध्ये मानेच्या टाचेशी असतो. म्हणजे पुन्हा चार स्क्रू, पुन्हा शिरच्छेद.

एवढे करूनही वाजवायचेच असेल, तर डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनची पद्धत अभ्यासावी. मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या किती गाण्यांचा पाया त्याने घातला, ते मोजत बसू नये. तो तारा छेडी उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने. त्या तारा जाडजूड, सपाट गुंडाळीच्या. तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, तारा फिंगरबोर्डपासून इतक्या उंच की दुसऱ्याला तो बेस वाजवणे अशक्य वाटे. मानेच्या टाचेवर त्याने ‘फंक’ हा शब्द कोरून निळ्या शाईने भरला होता. आजच्या कुठल्याही दुकानदाराने असल्या वाद्याचा भाव निम्म्याखाली पाडला असता. इच्छुकाने मग दर दोन महिन्यांनी नव्या तारा का घ्याव्यात, याचे उत्तर तारा विकणाऱ्यांनाच विचारावे.

शेवटचा विषय चोरीचा. विमा उतरवावा, बेस नजरेआड करू नये, बागेत तर नेऊच नये. जॅकोचा बेस १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बागेतून गेला. तो वीसेक वर्षांनी वर आला, मेटालिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहीयोने तो सोडवण्यासाठी पैसे घातले आणि २०२४ मध्ये तो जॅकोच्या कुटुंबाच्या मालकीचा झाला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेला व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेला होता. तो एका घराच्या माळ्यावर सापडल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. जेमरसनचा १९६२ चा प्रिसिजन १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला. तो अजून मिळालेला नाही. सनबर्स्ट रंग, कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचा पिकगार्ड, टाचेवर निळी अक्षरे. कुणाला दिसलाच, तर पोलिसांना कळवावे आणि तारा बदलू नयेत.