जाणारं नेट सुधारण्याची सुलभ पद्धत

घरात सिनेमा न अडकता दिसतो, पण पुण्याहून व्हिडिओ कॉलवर बघणाऱ्याला आपला चेहरा मात्र जांभई देता देता गोठलेला दिसतो, अशा सोलापूरकर गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका आहे. इतरांनी वाचल्यास हरकत नाही.

प्रथम परिभाषा. डाउनलोड म्हणजे ‘येणारं नेट’ आणि अपलोड म्हणजे ‘जाणारं नेट’. ही परिभाषा आमचे वडील अप्पा यांची. कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात हिच्याइतकी स्वच्छ व्याख्या सापडली नाही, म्हणून जशीच्या तशी उचलली आहे. लेखकाचा अधिकार एवढाच, की तो लग्नांचे व्हिडिओ काढतो आणि ते एडिटिंगसाठी पुण्याला पाठवतो. एका लग्नाची फाइल 40 जीबी. वरात लांबली तर जास्त.

नियम पहिला : आधी मोजावे, मग ओरडावे.

मोजताना लॅपटॉप वायरने राउटरला जोडावा. गच्चीत उभं राहून मोबाइलवर मोजलेला वेग हा इंटरनेटचा नसून मधल्या भिंतींचा असतो. दुसरं असं, की जाहिरातीतला एमबी आणि फाइलचा एमबी हे सख्खे भाऊ नव्हेत. जाहिरातीत बिट असतात, फाइलीत बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. आमचा प्लॅन येणारं चाळीस एमबीपीएस, जाणारं दहा. दहा म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी. या हिशेबाने एक लग्न पुण्याला पोचायला जवळजवळ नऊ तास लागतात. हुतात्मा एक्स्प्रेस तेच अंतर चार-साडेचार तासांत कापते. तीच फाइल पेन ड्राइव्हवर टाकून गाडीने धाडली, तर गाडीचा अपलोड वेग वीस-बावीस एमबीपीएसच्या आसपास भरतो, आणि तोही चहावाल्यांसकट. हा प्रयोग आम्ही केलेला आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या पुडक्यात पेन ड्राइव्ह घालून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. चटणी मिळाल्याचा फोन दुपारी आला. पेन ड्राइव्ह मिळाल्याचा दोन दिवसांनी.

नियम दुसरा : जाणारं नेट मुळातच कमी दिलेलं असतं, हे पचवावे.

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं त्या काळात त्या तंत्राचं नाव एडीएसएल होतं, आणि त्यातला ‘ए’ म्हणजेच असमान. चांगल्यात चांगल्या तारेवर येणारं चोवीसपर्यंत, जाणारं एकाच्या आसपास. लोक मागवतील फार, पाठवतील थोडं, असा त्यामागे अंदाज. सरकारनेही 2023 मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या 512 केबीपीएसवरून 2 एमबीपीएसवर नेली, तीही फक्त येणाऱ्याची. जाणाऱ्याबद्दल एक अक्षर नाही. हा अंदाज बांधणाऱ्यांनी सोलापूर पाहिलं नसावं. या गावाचा धंदाच पाठवण्याचा. चादरी जातात, टॉवेल जातात, आणि बारावी झाली की पोरं जातात. येणारं म्हणाल, तर उन्हाळा.

नियम तिसरा : राउटरवर टॉवेल टाकू नये.

धूळ बसते हे मान्य. टेरी टॉवेल आपल्या गावचा आहे, हेही मान्य. पण मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर असताना त्या डब्याला टॉवेल पांघरणं म्हणजे तापाच्या माणसाला चादर घेऊन उन्हात बसवणं. लोखंडी कपाटात तर अजिबात ठेवू नये.

नियम चौथा : फायबर ही काच आहे, सुतळी नव्हे.

केसाएवढी काच, आणि तिच्यातून उजेड जातो. तिला काटकोनात मोडलं की उजेड बाहेर सांडतो. अप्पांनी ती जादाची वायर लोंबते म्हणून खिळ्याला गुंडाळून वर गाठ मारली होती. नेटवाला पोरगा आला, खिशातल्या मीटरवर बघून म्हणाला, “काका, उणे अठ्ठावीस.” त्याने गाठ सोडली, मोठं सैल वेटोळं केलं, जोडाचं टोक कोरड्या कापडाने पुसलं. मीटर उणे एकवीसवर आलं. उणं जितकं कमी, तितका उजेड जास्त, असं ते गणित असतं. अप्पांनी सगळं बारकाईने पाहिलं आणि विचारलं, “उणे म्हणजे आपणच कंपनीचं देणं लागतो का बे?” पोरगा जाईपर्यंत हसत होता.

नियम पाचवा : मोरी तुंबू देऊ नये.

हा नियम बहुतेकांना ठाऊक नसतो आणि खरा उपयोग याचाच आहे. येणाऱ्या प्रत्येक तुकड्याची पोच उलट पाठवावी लागते, आणि ती पोच जाणाऱ्या वाटेनेच जाते. ती वाट एका फाइलने गच्च भरली, की पोच रांगेत अडकते आणि येणारं नेटही रखडतं. घरचे म्हणतात सगळंच नेट गेलं. उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाणाऱ्या वेगाला मर्यादा घालावी, जेवढा मिळतो त्याच्या 85-90 टक्के. थोडं सोडलं की उरलेलं सुरळीत चालतं. हे मी घरात तीनदा समजावलं. तिन्ही वेळा ‘मग पूर्ण पैसे का भरतो?’ हा प्रश्न आला.

नियम सहावा : चोर घरात शोधावा.

एवढं सगळं करूनही सकाळी सहा ते साडेसात आमचं जाणारं नेट निम्म्याच्याही खाली यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. मोबाइलचे फोटो आपोआप वर चढतात, ते आधी बंद केले. फरक नाही. शेवटी राउटरच्या पानावर कोणतं यंत्र किती पाठवतंय ते बघितलं, तर अंगणातला कॅमेरा सहा एमबीपीएस ओतत होता.

या कॅमेऱ्याचा इतिहास असा : आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि वेळ त्याच्या मर्जीची. आमच्या पाण्याच्या वेळी कोणीतरी लाइनलाच मोटर लावतं, असा अप्पांचा संशय. म्हणून नळावर पहारा. पण हा कॅमेरा एरवी आपल्या कार्डातच साठवतो. कोणी बाहेरून बघायला लागलं तरच नेट खातो. सहा म्हणजे एका वेळी तीन बघे. मी घाबरलो. कोणीतरी परक्याने पासवर्ड फोडला म्हणून अप्पांना उठवलं.

“ताईला दिलाय की,” अप्पा म्हणाले. “पाणी येऊलालंय म्हणून फोन करती ती.”

ताई हडपसरला असते. तिला फोन लावला, तर म्हणाली, पाणीच बघते रे. दाजीही बघतात, परी पण बघते. पाणी पाच दिवसांतून एकदा येतं आणि ही मंडळी रोज दोन वेळा बघतात, हे मी तिला दाखवून दिलं. त्यावर ती म्हणाली, “अप्पांचा खोकला कमी झाला का? काल बसले नव्हते बाहेर.”

तेव्हा लक्षात आलं. नळाच्या बाजूला अप्पांची बाज असते. पेपर, चहा, शेंगदाण्याची वाटी, सगळं तिथेच. आणि हल्ली सकाळी सहाला, नुसतं बाजेवर बसायला, ते इस्त्रीचा सदरा घालतात.

कॅमेरा मी जरासा डावीकडे फिरवलाय. नळ आता अर्धाच दिसतो. लग्नाची फाइल रात्री आठला लावतो; सहाच्या आत बहुतेक जाते, नाही गेली तर साडेसातपर्यंत थांबते.